तुळजापूरच्या घाटातला तिसरा गिअर

सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका गॅरेजसमोर परवा संध्याकाळी पाचशे सीसीची एक बुलेट उभी होती. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, मागे कॅरिअरवर ताडपत्रीत आवळलेली बॅग, टाकीवर धुळीचा पिवळट थर. सहा वाजून गेले होते तरी डांबरातून वाफ येत होती. गाडीवाला सांगत होता, "मामा, हायवेला शंभरच्या वर काय सुंदर ओढतीय. पण तुळजापूरचा घाट तिसऱ्यात चढावा लागला बघा. मागं बायको, सामान तेवढंच. आधी चौथ्यात जात होती." मिस्त्रींनी सायलेन्सरजवळ कान नेला, आयडलिंग ऐकलं. थप, थप-थप, थप. एकसारखं नव्हतं. "कॅम बदललाय की," ते म्हणाले. गाडीवाल्याने डिकीतून खोका काढला. नवा परफॉर्मन्स कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा उंचवट्याचा तुकडा, त्याच खोक्यातून आला होता. खोक्यावर लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती उचलला जातो त्याचा, आकडा ठसठशीत छापलेला, पॉवर किती वाढते तेही छापलेलं. मिस्त्रींनी खोका उलटसुलट करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"इनलेट बंद कधी होतो?"

इनलेट म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह. गाडीवाल्याला उत्तर देता आलं नाही. आजूबाजूला उभ्या असलेल्या आम्हा चौघा-पाचजणांनाही देता आलं नाही. कॅम विकत घेणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना ते येणार नाही, आणि तो प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. लिफ्ट किती, ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचे अंश, किती, कुठल्या गाडीत कुणी टाकलाय, आवाज कसा येतो, हे सगळं विचारून होतं. भरलेली गाडी चढावर ओढेल की दम टाकेल हे मात्र ज्या एका आकड्यावर सर्वात जास्त अवलंबून असतं, तो आकडा खोक्यातल्या कार्डावर कोपऱ्यात, बारीक अक्षरात असतो.

मिस्त्रींचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मागांची जुळणी करणारे, होते. सोलापूरच्या कितीतरी घरांत टॅपेट हा शब्द मोटारसायकलच्या आधी मागाबरोबर पोचलेला आहे, त्यामुळे त्यांचा प्रश्न कुठून आला याचं नवल वाटायला नको. साध्या यंत्रमागाखाली वाकून पाहिलं तर वर क्रँक आणि खाली टॅपेटचा, म्हणजे मागाच्या कॅमचा, शाफ्ट दिसतो. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा खालचा शाफ्ट एकदा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक आणि कॅमचं नातं अगदी हेच, दोनास एक. मागातला एक टॅपेट ताण्याच्या तारा वर-खाली करून धोट्याला वाट मोकळी करतो, दुसरा कॅम धोट्याला फटका मारतो. वाट उघडायला जरा उशीर झाला तर धोटा तारांत घुसतो आणि तारा तुटतात. फटका मारणाऱ्या कॅमचं नाक झिजलं तर धोट्याला जोर कमी मिळतो आणि तो अर्ध्यात अडकतो. जॉबरचं कसब सगळं वेळेत होतं. टॅपेट किती उंच उचलतो ही गोष्ट कारखान्यातून ठरून आलेली. तो कधी उचलतो आणि कधी सोडतो, हे जॉबर हाताने पुढे-मागे करून बसवायचा. त्या घरात वाढलेला माणूस कॅमच्या खोक्यावर आधी वेळच शोधणार.

आता ती वेळ का महत्त्वाची, ते बघू. पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागतो, तरी इनलेट व्हॉल्व्ह काही काळ उघडाच असतो. आत शिरणाऱ्या हवेला वेग आलेला असतो आणि त्या वेगाच्या जोरावर ती चढत्या पिस्टनला न जुमानता सिलिंडरमध्ये भरत राहते. इंजिन जोरात फिरत असेल तर हा उशीर फायद्याचा, कारण वेळच कमी असतो. इनलेट २६० अंश उघडा राहणारा कॅम घेतला तर ३००० आरपीएमला (मिनिटाला क्रँकच्या फेऱ्या) व्हॉल्व्ह साधारण साडेचौदा मिलिसेकंद उघडा असतो, ५२५० ला सव्वाआठ. तिथे उशिरा मिटलेलं चांगलं. पण तेच इंजिन अडीच हजारावर घाट चढत असेल, तर हवेला तेवढा वेग नसतो आणि वर येणारा पिस्टन भरलेलं मिश्रण त्याच वाटेने परत ढकलतो. गाडी घुसमटते ती इथे. एक साधा हिशेब करून पाहावा. एक कॅम टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असतो ती जागा) २० अंश आधी इनलेट उघडतो आणि बीडीसीनंतर (सर्वात खालची जागा) ६० अंशांनी मिटवतो: २० अधिक १८० अधिक ६०, म्हणजे २६०. दुसरा ३० अंश आधी उघडतो, ७० अंशांनी मिटवतो: २८०. कागदावर फरक वीस अंशांचा. पाचशेच्या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलिमीटर. पहिल्या कॅमला व्हॉल्व्ह मिटेपर्यंत पिस्टन सुमारे १८ मिलिमीटर वर आलेला असतो, दुसऱ्याला सुमारे २४. कनेक्टिंग रॉडच्या लांबीप्रमाणे हे किंचित इकडेतिकडे होईल. म्हणजे मिटायला दहा अंश उशीर झाला की दाबायला मिळणाऱ्या स्ट्रोकमधले सहा मिलिमीटर गेले. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, कंपनी ८.५ देते, व्हॉल्व्ह मिटल्यापासून खरोखर जे दाबलं जातं त्याचा रेशो पहिल्या कॅमला ७ च्या आसपास आणि दुसऱ्याला साडेसहाच्या आसपास येतो. तुळजापूरच्या घाटातला चौथा गिअर त्या अर्ध्या आकड्यात गेला.

कार्ड वाचताना एक फसगत हमखास होते. काही बनवणारे व्हॉल्व्ह नुसता हलल्यापासूनचे अंश देतात, काही १ मिलिमीटर किंवा ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर, उचलल्यापासूनचे. दुसऱ्या पद्धतीत आकडा पुष्कळ लहान दिसतो. एका कंपनीचा २८० आणि दुसऱ्या कंपनीचा २३५ शेजारी ठेवून लहान-मोठं ठरवलं तर निवड तिथेच चुकली. दोन्ही आकडे कुठल्या लिफ्टवर मोजलेत ते आधी विचारावं. सांगत नसतील तर तो कॅम घेऊ नये.

मग आपल्या गाडीला कोणता? यासाठी गाडी कुठल्या आरपीएमवर जगते ते माहीत हवं. या बुलेटला टॅकोमीटर नाही, पण हिशेब सोपा आहे: प्रायमरीचा (क्रँक ते क्लच) रेशो, गिअरचा रेशो आणि मागच्या-पुढच्या स्प्रॉकेटच्या दातांचा भागाकार, या तिन्हींचा गुणाकार करायचा, चाकावर खडूची खूण करून एका फेरीत गाडी किती सरकते ते टेपने मोजायचं, ती लांबी दोन मीटरच्या आसपास येते. गाडी मिनिटाला जितके मीटर जाते त्याला या लांबीने भागून त्या गुणाकाराने गुणलं की आरपीएम. पाचशेच्या बुलेटला टॉप गिअरमध्ये ८० च्या वेगाला इंजिन ३००० च्या आसपास फिरतं, शंभरला पावणेचार हजाराच्या जवळपास. आता सोलापूरच्या टूरिंगवाल्याचे रस्ते आठवा. पुण्याकडे मोहोळ, टेंभुर्णी, उजनीचा पूल; हैदराबादकडे नळदुर्ग, उमरगा; खाली विजयपूर, तिथून पुढे बदामी-हंपी. सरळ, लांबलचक, ताशी ८० ते ९५ च्या वेगाचे रस्ते, मध्येच ट्रकमागून ओव्हरटेक, मध्येच एखादा घाट. सगळं जगणं २२०० ते ३८०० च्या मध्ये. कंपनीच्या आकड्याप्रमाणे या इंजिनाचा टॉर्क ४१.३ न्यूटन-मीटर, ४००० ला, आणि पॉवर २७.२ बीएचपी, ५२५० ला. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ७१२१ ने भागलं की बीएचपी मिळते. उलटं गणित केलं तर ५२५० ला टॉर्क ३७ वर उतरलेला दिसतो. जादा पॉवरवाला कॅम तो उतार भरून काढतो, म्हणजे ५००० च्या पुढचं सुधारतो. त्या खोक्यावर कॅमचा पट्टा ३५०० ते ६५०० असा छापलेला होता. त्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात ही गाडी महिन्यातून चार मिनिटंही जात नसेल.

महिनाभर डायरी लिहावी. प्रत्येक फेरीला कोणता गिअर, कोणता वेग, मागे कोण, पेट्यांत किती किलो. कॅम त्या डायरीवरून निवडावा.

त्या आयडलिंगच्या आवाजाबद्दल बोललंच पाहिजे, कारण अनेकांना हवा असतो तोच. एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) अजून पुरता मिटलेला नाही आणि इनलेट उघडायला लागला, हा ओव्हरलॅप. वरच्या पहिल्या कॅमला एक्झॉस्टही तसाच, बीडीसीआधी ६० आणि टीडीसीनंतर २०, धरला तर ओव्हरलॅप ४० अंश, दुसऱ्याला ६०. कमी आरपीएमला या काळात जळका धूर इनलेटकडे सरकतो आणि पुढचा स्फोट अर्धवट होतो. थप-थप तिथून येतं. सात रस्त्याच्या सिग्नलला ऐकायला छान वाटतं, खरंच छान वाटतं, त्या आवाजाची ओढ खोटी नाही. पण इंजेक्शनच्या गाडीत त्याची किंमत वेगळ्याच जागी मोजावी लागते. ओव्हरलॅपमधून थोडी ताजी हवा न जळता थेट सायलेन्सरमध्ये जाते. ऑक्सिजन सेन्सरला ती दिसते, त्याला वाटतं मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू, म्हणजे इंजेक्शनचा संगणक, पेट्रोल वाढवतो. प्लग काळा, ॲव्हरेज खाली, आणि मालक इंजेक्टर साफ करत बसतो. मोठा कॅम टाकल्यावर फ्यूएल मॅप बदलणं, निदान त्या पट्ट्यात सेन्सरच्या दुरुस्तीला आवर घालणं, हा कॅमच्या खर्चाचाच भाग धरावा. कार्ब्युरेटर असेल तर पायलट जेट आणि एअर स्क्रूपासून सुरुवात, मेन जेट सर्वात शेवटी.

म्हणून लहान कॅम घेतला की सगळं सुटलं, असंही नाही. इनलेट लवकर मिटवला, किंवा आहे तोच कॅम चार अंश पुढे घेतला, तर खालची ओढ वाढते. पण सिलिंडरमधला दाबही वाढतो. सोलापूरचा मे महिना, ४२-४३ अंशांची हवा, हवेने थंड होणारं इंजिन, टाकीत साधं पेट्रोल, वर दोघं आणि चाळीस किलो सामान, आणि टॉप गिअरमध्ये अडीच हजारावर पूर्ण थ्रॉटल. डब्यात खडे हलवावेत तसा ठोकण्याचा आवाज यायला लागतो. हेल्मेटमध्ये तो सहज ऐकू येत नाही, म्हणून जास्त वाईट. कॉम्प्रेशन वाढवलेला पिस्टन आणि लवकर मिटणारा कॅम एकत्र बसवू नयेत. ज्याला पिस्टन बदलायचाच आहे त्याने थोडा उशिरा मिटणारा कॅम घ्यावा, आणि स्टँडर्ड पिस्टन असेल तर थोडा लवकर मिटणारा. या दोघांची सांगड एकाच बैठकीत घालायची असते.

लिफ्टचा आकडा खोक्यावर मोठा छापलेला असतो, पण तो जपून वाचावा. जास्त उचललेला व्हॉल्व्ह हवेला वाट देतो हे बरोबर, फक्त तीन जागा तपासल्याशिवाय नाही. पहिली, स्प्रिंग. समजा बसवलेल्या स्प्रिंगची उंची ३८ मिलिमीटर आणि वेढे एकमेकांना टेकतात तेव्हा २६. लिफ्ट ९ असेल तर ३ मिलिमीटर शिल्लक, १०.५ केली तर दीड. दीडच्या खाली जाऊ नये, नाहीतर एक दिवस पुशरॉड (कॅमचा रेटा व्हॉल्व्हपर्यंत नेणारी दांडी) वाकतो. दुसरी, रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) आणि व्हॉल्व्ह गाइडच्या सीलमधलं अंतर. तिथेही दीड मिलिमीटर हवं, नाहीतर सील फाटतं आणि निळा धूर सुरू. तिसरी, व्हॉल्व्ह आणि पिस्टन.

ही तिसरी तपासणी त्या गॅरेजमध्ये प्रत्यक्ष पाहायला मिळाली. शाळेच्या दप्तरात असते तसली मातीची वडी, प्लॅस्टिसिन. मिस्त्रींनी तिची पाचेक मिलिमीटर जाडीची पट्टी थापून पिस्टनच्या डोक्यावर, व्हॉल्व्हच्या खाचांवर दाबून बसवली. व्हॉल्व्हला बोटाने तेलाचा हात लावला, माती चिकटू नये म्हणून. इंजिनात टॅपेट म्हणजे कॅमवर बसून पुशरॉड उचलणारा तुकडा. हायड्रॉलिक, म्हणजे तेल भरलेले, टॅपेट हाताने फिरवताना दबतात आणि खोटं माप देतात, त्यामुळे तपासणीपुरते घट्ट टॅपेट घातले. जुनी गॅस्केट घालून हेड कसलं आणि क्रँक हाताने, अगदी सावकाश, दोन पूर्ण फेऱ्या. मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, तिथेच थांबायचं. हेड परत उचललं तेव्हा मातीत दोन चंद्रकोरी उमटल्या होत्या. ब्लेडने त्या मधोमध कापल्या आणि सर्वात पातळ जागी व्हर्निअर लावला. इनलेटला दीड मिलिमीटर, एक्झॉस्टला दोन. याहून कमी नको. एक्झॉस्टला जास्त लागतं कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो, लांबतो, आणि चढणारा पिस्टन त्याचा पाठलाग करत असतो. सर्वात जवळीक नेमकी टीडीसीला नसते. एक्झॉस्टची थोडी आधी, इनलेटची थोडी नंतर, साधारण दहा अंशांवर. म्हणून नुसतं टीडीसीला पिस्टन ठेवून माप घेणाऱ्यांची फसगत होते.

आपल्याकडे आणखी एक प्रकार चालतो, जुनाच कॅम घासून प्रोफाइल बदलून घ्यायचा. स्वस्त पडतो. पण घासायचा म्हणजे मागचा गोल भाग कमी करायचा. तेवढा टॅपेट खाली बसतो, पुशरॉड आखूड पडतो आणि हायड्रॉलिक टॅपेटचा प्रीलोड, म्हणजे त्याला दिलेला आधीचा दाब, बिघडतो. वरचा कडक थर घासला गेला तर खालचं मऊ लोखंड उघडं पडतं आणि काही हजार किलोमीटरमध्ये नाकावर खड्डे पडतात. घासून घेतलेला कॅम परत कडक करून घेतलाय का, हे विचारल्याशिवाय बसवू नये. शिवाय या पाचशेच्या एक्झॉस्ट कॅमवर स्टार्ट करताना दाब सोडणारी यंत्रणा असते. बाहेरच्या कॅममध्ये ती नसेल तर सेल्फ मारताना सगळा भार सेल्फला इंजिनाशी जोडणाऱ्या स्प्रॅग क्लचवर येतो, आणि तो या इंजिनात आधीच नाजूक. उमरग्याच्या पुढे रात्री अकराला सेल्फ फिरेनासा झाला की ही गोष्ट आठवून उपयोग नसतो. नवा कॅम पहिल्यांदा चालू करतानाचंही असंच: सपाट टॅपेट असतील तर नाकांवर मॉलिब्डेनमची पेस्ट लावून, चालू होताच पंधरा-वीस मिनिटं २००० च्या आसपास कमी-जास्त करत ठेवायचं, आयडलवर सोडायचं नाही. रोलर टॅपेटला एवढं लागत नाही.

रॉयल एनफिल्डच्या साडेसहाशेच्या ट्विनवाल्यांनी (दोन सिलिंडरवाल्यांनी) मात्र कॅमकडे सर्वात शेवटी यावं. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, ९.५ चं कॉम्प्रेशन, आणि अडीच हजारापासूनच ऐंशी टक्के टॉर्क मिळतो असा कंपनीचा दावा. टूरिंगसाठी यापेक्षा जास्त काय मागायचं? मोठ्या अमेरिकन टूररचं कॅम-जग निराळं आहे, पण तिथेही हार्ले-डेव्हिडसनच्या ट्विन कॅम इंजिनाच्या २००६ पर्यंतच्या टूरिंग गाड्यांत कॅमचेनचे प्लॅस्टिकचे टेन्शनर झिजतात, आणि कॅम बदलायला कव्हर उघडलं की ते आधी बदलतात.

त्या बुलेटचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी टायमिंग कव्हर उघडलं. स्क्रू सगळे वेगवेगळ्या लांबीचे, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या त्या जागी खोचले. गिअरचे ठिपके समोरासमोर जुळलेले होते, त्यामुळे बसवणाऱ्याने दात चुकवला नव्हता. दात चुकला असता तर लगेच कळलंही असतं. गिअरला चाळीस दात असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. मग त्यांनी अंशांची चकती क्रँकला लावली, जुन्या स्पार्क प्लगच्या कवचात बोल्ट बसवून केलेला स्टॉपर प्लगच्या जागी घातला, आणि पिस्टन दोन्हीकडून हळूच टेकवला. एका बाजूला १८, दुसऱ्या बाजूला २६. फरकाचा निम्मा म्हणजे चार अंश, तेवढी तार वाकवून काटा खऱ्या टीडीसीवर आणला. डायल गेज इनलेटवर ठेवून क्रँक फिरवत राहिले. कार्डाच्या कोपऱ्यात मिटण्याचा आकडा ६८ होता. चकतीवर ७२ आला.

चार अंश उशीर. खाच बदलता येणारं पिनियन मिळालं तर कॅम जाग्यावर आणता येईल, मग ६८ होतील. मिस्त्रींनी पाटीवर खडूने ६८ लिहिलं, त्याखाली स्टँडर्ड कॅम त्याच चकतीवर मोजून त्याचा आकडा लिहिला, आणि त्या दोन्हींच्या मध्ये बोट ठेवलं. "ह्या मधला एखादा मिळतो का बघा. ओव्हरलॅप कमी असलेला. नाहीतर जुना घालतो, तुळजापूरला जाऊन या, मग ठरवा." गाडीवाला पाटीकडे बघत राहिला. बाहेर त्याची गाडी स्टँडवर होती, पेट्या उतरवून भिंतीला लावलेल्या. थोड्या वेळाने त्याने जुना कॅम मागितला.

रविवारी सकाळी तो देवीला जाऊन आला. येताना गॅरेजवर थांबला, डायरी मिस्त्रींपुढे धरली. त्यात एकच ओळ होती: घाट, मागे दोघं, चौथा, ५५.

दोघं म्हणजे, लेकरूही होतं.